पाणी काढायचं की हवा भरायची?

माजिवडा म्हटलं की लोकांना आज नाका आठवतो. घोडबंदर रस्ता, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि नाशिकची वाट जिथे एकमेकींना भिडतात, तो. आम्हा गाववाल्यांना आठवते खाडी. जुना आग्रा रोड इथून बाळकुमवरून कशेळीला जातो, खाडी ओलांडतो आणि भिवंडीची वाट धरतो. त्या पट्ट्यात रेतीचा धंदा चालायचा, तोही डुबीचा. माझा आजा त्या होड्यांवर होता. मी पुढे अग्निशमन दलात लागलो आणि बुडालेली माणसं बाहेर काढण्यातच नोकरी सरली.

डुबीचं काम असं. होडी नांगरायची, लांब बांबू तळात रोवायचा. गडी दम भरून बांबूला धरून खाली सरकणार, बादलीत रेती ओढणार आणि दोरीला हिसका देणार. वरचे दोघे बादली खेचून घेणार. बादलीला भोकं पाडलेली, पाणी गळून जावं म्हणून. तळाशी गढूळपणात डोळ्यांचा उपयोग शून्य, सगळी भिस्त हातांवर. म्हणूनच खाडीत कुणी गेलं की पहिली हाक डुबीवाल्यांना. त्यांचा एक दंडक होता : बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, बांबू द्यायचा. बांबू पोचत नसेल तर दोर फेकायचा. जिवाच्या आकांताने माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्यात पडतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. पुढे प्रशिक्षणात मला हाच क्रम शिकवला गेला : आधी काठी, मग दोर, स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी.

घोळ व्हायचा तो काठावर आणल्यानंतर. माणसाला पालथा घालायचे, पोट दाबायचे, खांद्यावर उलटा टाकून पळायचे. पाण्याने घात केला, तर पाणी बाहेर काढा, एवढा सरळ हिशोब. त्याला अडाणीपणा म्हणून कुणी नाक मुरडू नये, कारण शहाणा युरोपही शतकभर याच वाटेने चालला होता.

ॲमस्टरडॅम हे कालव्यांचं शहर. तिथे १७६७ साली बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. वाचवणाऱ्याला सहा दुकाट किंवा सुवर्णपदक मिळे. पाठोपाठ १७७४ मध्ये लंडनला तशीच संस्था उभी राहिली. या मंडळींच्या उपायांत ऊब देणं होतं, तोंडाने हवा फुंकणं होतं, आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं! म्हणजे खरा उपाय हाताशी आला होता. पण एकोणिसाव्या शतकात तो मागे पडला आणि जो तो अंगाची ओढाताण करू लागला. १८५८ मध्ये सिल्व्हेस्टरने उताण्या माणसाचे हात डोक्यामागे ओढून छातीवर दाबायला सांगितलं. १९०३ मध्ये शेफरने माणसाला पालथा घालून पाठ दाबायला सांगितली. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नील्सनने दोन्हींचा मेळ घातला. तोंडाने श्वास देणं या सगळ्यांपेक्षा सरस, हे एलम आणि साफर या डॉक्टरांनी सिद्ध करेपर्यंत १९५० चं दशक उजाडलं. छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची रीत १९६० मध्ये आली.

दरम्यान आपल्याकडे १७ जुलै १९४७ उजाडला होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली, त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. सरकारी मदत पोचायच्या आधी तेच तिथे होते. बुडण्याच्या प्रसंगी असंच घडतं. मेंदूला प्राणवायूविना मिनिटंच मिळतात आणि आमची गाडी घंटा वाजवत येईस्तोवर ती संपलेली असतात. खरा जीवरक्षक म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस.

बुडण्याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांची पहिली मोठी परिषद २००२ साली भरली, तीही ॲमस्टरडॅमलाच. तिथे ‘बुडणं’ कशाला म्हणायचं, यावर एकमत झालं : द्रवात गेल्यामुळे श्वासाला अडथळा येणं म्हणजे बुडणं, मग माणूस दगावो वा जगो. ‘कोरडं बुडणं’, ‘ओलं बुडणं’ असल्या वर्गवाऱ्या निकालात निघाल्या. काठावरच्या माणसासाठी यातला अर्थ मोठा आहे. दुखणं पाण्याचं नाही, हवेचं आहे. पोट दाबलं की जठरातलं पाणी आणि अन्न वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं. म्हणून श्वास थांबलेल्या बुडीताला आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. हृदयविकाराने रस्त्यात कोसळलेल्यासाठी नुसती छाती दाबणं चालून जातं, बुडालेल्यासाठी ते पुरत नाही.

२०११ ला ही परिषद व्हिएतनामच्या दा नांगला भरली. माणसं जिथे जास्त बुडतात, तिथे ती आली हे बरंच झालं. २०१४ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाला ३,७२,००० मृत्यू मांडले, त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. २०२१ मध्ये बांगलादेश आणि आयर्लंडच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडणं रोखण्याचा दिवस ठरवला. संघटनेच्या शिफारशींत मुलांना पोहायला शिकवणं आहे, तसं बघ्यांना सुरक्षितपणे वाचवायला आणि श्वास द्यायला शिकवणंही आहे.

आमच्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघतो. निघायलाच हवा. पण कोंडेश्वरला वा येऊरला जाणारी पोरं आदेश वाचून घरी थांबत नाहीत, हे मी इतकी वर्षं पाहिलंय. आदेश निघतो त्याच जूनमध्ये शाळा उघडतात. नववीच्या प्रत्येक वर्गाला दोन तास द्या. पहिल्या तासाला बांबू आणि दोर, दुसऱ्याला श्वास. शिकवायला निवृत्त जवान गावोगाव बसलेले आहेत आणि ते मानधन मागणार नाहीत.