कुपरेज ते नेरूळ: महाराष्ट्रातील फुटबॉल स्पर्धांचा इतिहास

महाराष्ट्रात फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, पुणे, खडकी आणि नाशिकजवळचे देवळाली या ठिकाणी ब्रिटिश सैनिकांचे मोठे तळ होते. मुंबई बंदरात उतरलेल्या आणि मायदेशी जाण्यासाठी बोटीची वाट पाहणाऱ्या सैनिकांचा मुक्काम देवळालीला पडे. कवायत संपल्यावर जवानांना गुंतवून ठेवणारा आणि फारसे साहित्य न लागणारा खेळ म्हणून फुटबॉल पलटणींत रुजला. पलटणींमधील चुरशीतूनच पहिल्या मोठ्या स्पर्धा उभ्या राहिल्या. १८८८ मध्ये सिमल्यात डुरँड चषक सुरू झाला आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला.

सुरुवातीची तीन दशके ही स्पर्धा गोऱ्या पलटणींचीच राहिली. मुंबईतील फुटबॉलचा कारभार पाहण्यासाठी १९०२ मध्ये बॉम्बे फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिचे रूपांतर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमध्ये झाले. त्याच वर्षी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. गोऱ्या संघाला हरवता येते, हे त्या सामन्याने देशाला दाखवून दिले. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्स चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला ४-१ असे हरवले. चषकावर पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव कोरले गेले ते १९३७ मध्ये. बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स संघाने हा मान मिळवला आणि पुढच्या वर्षी चषक राखलाही. १९४० मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग विजेता ठरला.

या स्पर्धेचे घर म्हणजे दक्षिण मुंबईतील कुपरेज मैदान. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरांच्या कामाच्या जागेवरून त्याला हे नाव पडले. हे मैदान चर्चगेट स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे कचेरी सुटल्यावर थेट सामन्याला जाणारा नोकरदार हा कुपरेजचा हक्काचा प्रेक्षक झाला. मुंबईचे संघही बव्हंशी कचेऱ्यांचे आणि कंपन्यांचे होते. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा आस्थापना खेळाडूंना नोकरी देत आणि संध्याकाळी मैदानात उतरवत. चांगला फुटबॉल खेळणाऱ्या तरुणाला त्यामुळे पोटापाण्याची चिंता उरत नसे. कॅल्टेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला.

त्याआधी १९५० ते १९५४ ही सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद पोलीस संघाकडे होता. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे भारतीय संघाच्या सुवर्णकाळाचे शिल्पकार ठरले. रहीम यांच्या भारतीय संघात मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला एक आघाडीवीर होता, मूळचा गोव्याचा नेव्हिल डिसूझा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई फुटबॉलपटू ठरला. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये याहून वरचे स्थान भारताला पुन्हा कधीही मिळाले नाही.

मुंबईत कचेऱ्यांनी फुटबॉल वाढवला, तर कोल्हापुरात तो तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथे घराघरांत ठाऊक आहेत. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ भिडतात तेव्हा निकालाची चर्चा पुढे कित्येक दिवस चालते. विश्वचषकाच्या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीचे झेंडे गल्ल्यांवर चढतात, आवडत्या खेळाडूंचे भव्य फलक लागतात. दूरच्या देशांवरचे हे प्रेम उपरे नाही. रोज स्वतः खेळणाऱ्या आणि आपल्या पेठेचा संघ पाहणाऱ्या लोकांचे ते प्रेम आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे चित्र पालटले. क्रिकेटने प्रेक्षक खेचला, दूरचित्रवाणीने युरोपातले सामने घरात आणले आणि कंपन्यांनी हळूहळू हात आखडता घेतला. २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स चषक भरलाच नाही. २०१० मध्ये महिंद्र युनायटेड हा मुंबईचा सर्वांत भक्कम संघही बंद झाला.

त्यानंतर फुटबॉलचे मोठे सामने नव्या ठिकाणी होऊ लागले. नवी मुंबईत नेरूळ येथे २००८ मध्येच डी. वाय. पाटील स्टेडियम उभे राहिले होते. ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ दरम्यान भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. भारताने भरवलेला हा पहिलाच फिफा विश्वचषक. त्याच्या तयारीसाठी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने शाळाशाळांत फुटबॉल पोहोचवण्याचा ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवला. चोवीस संघांच्या त्या स्पर्धेत नेरूळच्या वाट्याला तुर्कस्तान, न्यूझीलंड, माली आणि पॅराग्वे यांचा गट आला. २५ ऑक्टोबरला तिथेच झालेल्या उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. अंतिम सामना कोलकात्यात झाला. त्यात इंग्लंड दोन गोलांनी मागे पडले होते, तरी त्यांनी स्पेनला ५-२ असे नमवले. भारतीय संघाचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हे दोन मराठी खेळाडू होते.

प्रेक्षकांच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग पुढच्या वर्षीचा आहे. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई यांच्यात इंटरकॉन्टिनेंटल चषक झाला. १ जूनला भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले आणि कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली, पण हा खेळ पाहायला जेमतेम अडीच हजार माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना कळकळीची विनंती केली: आमच्यावर टीका करा, ओरडा, पण मैदानात या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. पावसात भिजत लोक थांबले आणि भारत ३-० असा जिंकला. १० जूनच्या अंतिम सामन्यात छेत्रीच्याच दोन गोलांवर भारताने चषक जिंकला.

२०२२ हे वर्ष महिला फुटबॉलचे होते. जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक नेरूळ, अंधेरी आणि पुण्यातील बालेवाडी येथे झाला. यजमान भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली, पण संघात कोरोनाची लागण झाल्याने २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध संघ उतरवता आला नाही आणि भारताला स्पर्धेबाहेर जावे लागले. ६ फेब्रुवारीला नेरूळमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात चीन मध्यंतराला दक्षिण कोरियापेक्षा ०-२ असा मागे होता. उत्तरार्धात त्याने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत तिसरा गोल करून चषक जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे भरला. ३० ऑक्टोबरला नेरूळला झालेला त्याचा अंतिम सामना कोलंबियाच्या एका स्वयंगोलामुळे स्पेनने १-० असा जिंकला.

अशा रीतीने पाच वर्षांत महाराष्ट्राने दोन विश्वचषकांचे सामने आणि एक आशियाई चषक पाहिला. मात्र या स्पर्धा एकदा येऊन गेल्या. दरवर्षी ठरल्या वेळी भरणारी, एका पिढीने दुसऱ्या पिढीला बोट धरून दाखवावी अशी स्पर्धा मुंबईकडे होती ती रोव्हर्स चषकाचीच. अडीच हजारांवरून भरलेल्या मैदानापर्यंत जायला अंधेरीला तीन दिवस पुरले, म्हणजे प्रेक्षक आहे. त्याला बोलावणारी स्पर्धा मात्र हवी. सिमल्यात सुरू झालेला डुरँड चषक आजही खेळला जातो. त्याच्यानंतर तीनच वर्षांनी सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स चषकही पुन्हा सुरू व्हायला हवा.