एका भिंतीतला दगड, वीट आणि चुना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, वरुणतीर्थ वेशीच्या आसपास फिरताना अजूनही एखादे जुने घर दिसते. जोते काळ्या घडीव दगडाचे, त्यावर भाजक्या विटांची भिंत आणि सांध्यांत पांढरट चुना. मागे परड्यात दगडी फरसबंदी, आड आणि तुळशीवृंदावन. शहराभोवतीचा तट गेला, वेस फक्त नावात उरली. तटाचा इतिहास आपण पुस्तकात वाचतो. घराच्या भिंतीचा इतिहास मात्र समोर उभा असतो आणि तो वाचायचा राहून जातो.

सुरुवात जोत्यापासून करू. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला, थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पेठेला लागून असलेला रंकाळा मुळात दगडाची खाण होता आणि भूकंपानंतर तिथे पाणी आले, असे कोल्हापुरात परंपरेने सांगतात. दगड हाताशी होता हे तर उघडच आहे. बेसाल्ट घट्ट असल्यामुळे जमिनीतली ओल त्यातून सहसा वर चढत नाही. म्हणून पाथरवटाने घडवलेला चिरा खाली आणि वीट वर, ही रचना रूढ झाली.

विटेचा इतिहासही इथे जुना आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे १९४५-४६ साली उत्खनन झाले. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांच्या त्या कामात सातवाहनकाळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या विटांच्या घरांचे अवशेष सापडले. वीट होते ती नदीच्या गाळाची. हा गाळ कुठला? पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या सह्याद्रीतून येतात, तेव्हा तोही बहुतांशी झिजलेला बेसाल्टच! त्यातले लोह भट्टीच्या आचेत, भरपूर हवा मिळाली की, तांबडे ऑक्साइड बनते. काळा चिरा आणि तांबडी वीट यांचे मूळ एकच आहे.

आता कोडे येते चुन्याचे. बेसाल्टच्या प्रदेशात चुनखडकाचे डोंगर नाहीत. मग चुना आला कुठून? बेसाल्टमध्ये वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड असते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरते आणि दगडातले कॅल्शियम विरघळवते. उन्हाळ्यात पाणी सुकले की काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीच्या गाठी मागे राहतात. दख्खनमध्ये लोक त्या वेचून भट्टीत भाजत. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फुलतो, तापतो. मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा. त्यात गूळ नि हिरडा घालण्याचीही रीत होती. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड, वीट, चुना हे तिन्ही एकाच लाव्हाची लेकरे म्हणायला हवीत.

पण चुन्याचे काम केवळ चिकटवण्याचे नव्हते. तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेले पाणी सांध्यांतून आणि गिलाव्यातून बाहेर पडते. भिंत किंचित हलली तर बारीक भेग चुन्यात पडते, विटेत नाही. गिलावा झिजायचा आणि गवंड्याने तो काही वर्षांनी पुन्हा करायचा, असा हा व्यवहार होता.

इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. सिमेंट लवकर धरते, पाण्यातही घट्ट होते. पूल आणि धरणे त्यामुळेच सोपी झाली. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. चूक होते ती जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवताना. घरमालकाला वाटते, भिंत पक्की झाली. प्रत्यक्षात आतली ओल कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेतच स्फटिक होऊन साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि कठीण गिलाव्याआड वीट भुसभुशीत होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरातली नदीकाठची घरे कित्येक दिवस पाण्यात होती. अशा भिंतीने प्यायलेले पाणी बाहेर पडायला वाट हवी. ती बुजवली, तर पुराने न पडलेली भिंत दुरुस्तीने दुबळी होते.

वर्गात हे करून पाहता येईल. पडक्या भिंतीजवळचा चुन्याचा तुकडा, विटेचा तुकडा आणि काळ्या दगडाची कपची मुलांना गोळा करू द्या. तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकून तो जिरायला किती वेळ लागतो ते मोजा. मग लिंबाचा रस टाका. चुन्यावर बुडबुडे येतील, बाकी दोन बहुधा शांत राहतील. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. कधी काळी पेठेतल्या हवेतून भिंतीने घेतलेला वायू मुलांच्या डोळ्यांदेखत परत हवेत जात असतो. त्यानंतर मुलांना आपापल्या घराची भिंत पाहून यायला सांगावे: कशाची आहे, आणि तिच्यावर गिलावा कशाचा आहे?