शब्दवेध : पात्र

बुलढाण्यात भाच्याच्या तोंडी हल्ली ‘पात्र’ सारखं येतं. संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे. ज्यातून प्यायचं ते पात्र. मग सामावून घेणारं सारंच पात्र झालं: दान झेलणारा सत्पात्र, पाणी वाहणारं नदीपात्र, आपल्याच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या पैनगंगेचंही. संस्कृत नाटकात भूमिका धारण करणारा नट पात्र ठरला. कन्नड-तेलुगूत भूमिकेलाच पात्र म्हणतात.

भाच्याचं ‘पात्र’ मात्र व्हिडिओ गेममधून येतं. २०११च्या ‘स्कायरिम’ या खेळात ड्रॅगन आला की साधे गावकरीही त्याच्यावर धावून जातात, मरतात. खेळाडूंनी ‘मॉड’ लिहून, म्हणजे खेळात फेरफार करून, त्यांना घरात पळायला शिकवलं. नगण्य गावकऱ्यालाही जिवाची भीती दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. भाचा त्यांना ‘मागची पात्रं’ म्हणतो. खेळाडूच्या हाती नसलेल्या अशा पात्रांना ‘एनपीसी’ म्हणतात; त्याऐवजी तुम्हीही ‘मागची पात्रं’च म्हणा.