माहूरचा पळसबहर : फाल्गुनातील दोन निवांत दिवस

माघ सरत आला की मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरील डोंगररांगांचा रंग पालटू लागतो. सागाची पाने गळून गेलेली असतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि या उजाड पार्श्वभूमीवर पळसाची झाडे अंगभर केशरी फुले लेवून उभी राहतात. नांदेड जिल्ह्यातील माहूर व किनवट हे दोन्ही तालुके पैनगंगेच्या खोऱ्यातील वनक्षेत्रासाठी ओळखले जातात. माहूर म्हटले की देवीचे दर्शन, नवरात्रातील गर्दी आणि त्याच दिवशी परतीची एस.टी. एवढेच बहुतेकांना आठवते. परंतु फाल्गुनात दोन दिवस सवड काढून येथे आल्यास तीर्थक्षेत्राबरोबरच वसंताचे एक वेगळेच रूप पाहावयास मिळते.

फुलांचा उत्सव म्हटला की महाराष्ट्रातील पर्यटकांना साताऱ्याजवळचे कास पठार आठवते. तो बहर पावसाळ्याअखेरचा. माहूरला लागून असलेल्या तेलंगणात ‘बतुकम्मा’ हा फुलांचा सण मोठ्या उत्साहाने साजरा होतो; २०१४ मध्ये त्याला राज्य उत्सवाचा दर्जा मिळाला. मात्र तोही शरद ऋतूतील. वसंतातील फुलांचा उत्सव पाहावयाचा तर पळसाकडेच वळावे लागते. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे पळस पाहण्यासाठी दरवर्षी पर्यटकांची रीघ लागते. माहूरच्या पळसबहराला अशी प्रसिद्धी नाही. येथे ना प्रवेशद्वार, ना तिकीट. या फुलांचा खरा उत्सव आहे तो होळीचा, आणि तो गावागावांत व तांड्यातांड्यांवर आपापल्या पद्धतीने साजरा होतो.

पळसाची ओळख

पळसाला संस्कृतमध्ये ‘पलाश’ व ‘किंशुक’ अशी नावे आहेत. फुलाचा आकार पोपटाच्या बाकदार चोचीसारखा असल्याने ‘हा पोपट तर नव्हे?’ असा प्रश्न पडावा, यावरून ‘किंशुक’ हे नाव आल्याचे सांगतात. फुलाला सुवास नाही, पण मध भरपूर असतो. त्यामुळे बहराच्या काळात शक्करखोरा, साळुंकी, कोतवाल, पोपट अशा पक्ष्यांची या झाडांवर झुंबड उडते. युरोप व मध्य आशियातून हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या गुलाबी-काळ्या पक्ष्याला तर मराठीत ‘पळसमैना’ असेच नाव मिळाले आहे. परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तिचे थवे पळसावर उतरतात.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. याच पानांच्या पत्रावळी व द्रोण होतात. झाडाच्या सालीतून लाल रंगाचा डिंक मिळतो, बियांना ‘पळसपापडी’ म्हणतात व जंतांवरील औषध म्हणून आयुर्वेदात त्या वापरल्या जातात. लाखेचे किडेही या झाडावर पोसले जातात. बंगालमधील ज्या प्लासी गावी १७५७ ची लढाई झाली, त्या गावाचे मूळ नाव ‘पलाशी’. तेही याच झाडावरून पडल्याचे मानले जाते. उत्तर प्रदेश आणि झारखंड या दोन राज्यांचे राज्यपुष्प पळसच आहे.

केव्हा जावे?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य हा सर्वसाधारणपणे उत्तम काळ. थंडी, अवकाळी पाऊस यांनुसार बहर काही दिवस मागेपुढे होतो. त्यामुळे निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून ‘पळस फुलला का?’ एवढे विचारून घेणे शहाणपणाचे. मार्चच्या उत्तरार्धात दुपारचा पारा चाळीशीकडे झुकू लागतो. म्हणून फिरणे सकाळी साडेदहापर्यंत आणि सायंकाळी चारनंतर, मधला वेळ विश्रांतीचा, असा दिनक्रम ठेवावा. निवांतपणा हा येथे चैनीचा नव्हे, तर उन्हाच्या हिशेबाचा भाग आहे.

नवरात्र, दत्तजयंती व राखी पौर्णिमेची परिक्रमा या काळात माहूरला मोठी गर्दी असते. फाल्गुनात त्या मानाने गड शांत असतो. मात्र होळीच्या सुमारास नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वारात होला मोहल्ल्यानिमित्त देशभरातून शीख भाविक येतात व ‘हल्लाबोल’ मिरवणूक निघते. हा सोहळा पाहण्याची इच्छा असल्यास नांदेडमधील मुक्काम बराच आधी ठरवावा. नसल्यास सहल होळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आखावी.

पहिला दिवस : गड आणि किल्ला

नांदेडहून माहूरला जाण्यासाठी दोन मार्ग आहेत. हदगाव, उमरखेड, महागाव, धनोडा हा मार्ग सुमारे १३० किलोमीटरचा आहे. धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली की माहूरचा डोंगर समोर येतो. दुसरा मार्ग भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट असा असून तो अधिक लांबचा, परंतु वनराईतून जाणारा आहे. जाताना पहिला व येताना दुसरा मार्ग घेतल्यास एकाच वाटेने दोनदा प्रवास होत नाही.

शनिवारी सकाळी निघाल्यास दुपारच्या जेवणापर्यंत माहूर गाठता येते. ऊन उतरल्यावर रेणुकामातेच्या गडाकडे निघावे. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन व वणीचे अर्धे, अशी महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठे मानली जातात. माहूरच्या गाभाऱ्यात देवीची पूर्णाकृती मूर्ती नसून शेंदूरचर्चित मुखाचा तांदळा आहे. पिता जमदग्नी यांचे अंत्यसंस्कार परशुरामांनी येथे केले, मातेचे दर्शन व्हावे म्हणून ते व्याकूळ झाले, ‘मागे वळून पाहू नकोस’ ही आकाशवाणी त्यांनी पाळली नाही आणि त्यामुळे मातेचे केवळ मुखच भूमीबाहेर आले, अशी कथा भाविक सांगतात. कथेशी जोडलेले मातृतीर्थ हे जलाशयस्थानही माहूरमध्येच आहे. विड्याची पाने व मसाला खलबत्त्यात कुटून केलेला तांबूल हा येथील खास प्रसाद. रेणुकेवर पदे व आरत्या रचणाऱ्या विष्णुदासांचा मठही आवर्जून पाहावा. गडावर बऱ्याच पायऱ्या असल्याने ज्येष्ठांनी सायंकाळची वेळच निवडावी.

देवीच्या डोंगराशेजारीच रामगड ऊर्फ माहूरचा किल्ला आहे. गोंड राजांपासून बहमनी, इमादशाही, मोगल अशा अनेक सत्ता या किल्ल्याने पाहिल्या. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने वऱ्हाडच्या तरफेचे दोन भाग केले तेव्हा गाविल व माहूर ही त्यांची मुख्य ठाणी ठरली, यावरून माहूरचे महत्त्व ध्यानी यावे. मोगलांची सरदार म्हणून गाजलेली रायबागन ही माहूरच्या उदाराम देशमुख घराण्यातील. १६६१ मधील उंबरखिंडीच्या लढाईत शिवाजी महाराजांनी कोंडीत पकडलेल्या कारतलबखानाच्या सैन्यात ती होती. किल्ल्याची तटबंदी व बुरूज आज पडझडीला आले असले तरी तटावरून दिसणारा दरीचा देखावा विसरता येत नाही. मात्र अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावे.

दुसरा दिवस : दत्तशिखर, लेणी आणि पळसाची वाट

रविवारी सूर्योदयाबरोबर दत्तशिखराची वाट धरावी. सहलीतील सर्वांत सुंदर वेळ हीच. कोवळ्या उन्हात पळसाचा केशरी रंग खुलतो, पक्षी मधासाठी येतात आणि रस्त्यावर वर्दळ नसते. वाहन सुरक्षित जागी उभे करून एखादा किलोमीटर पायी चालावे. पळसाच्या जोडीला काटेसावर व पांगाऱ्याची लाल फुले कोठे कोठे दिसतात. मार्च सरता सरता मोहाची फुले गळू लागतात व ती वेचण्यासाठी पहाटेपासून आदिवासी कुटुंबे झाडाखाली आलेली दिसतात.

दत्तात्रेयांचे जन्मस्थान म्हणून माहूरची ख्याती आहे. दत्तप्रभू रोज वेगवेगळ्या क्षेत्री नित्यकर्मे करून निद्रेसाठी माहूरला येतात, अशी दत्तसंप्रदायाची श्रद्धा आहे. पुढच्या शिखरावर अनसूया मातेचे मंदिर आहे. महानुभाव पंथीयांसाठीही माहूर पवित्र असून देवदेवेश्वर हे त्यांचे येथील प्रमुख स्थान होय. सोनापीर दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक जातात. एवढ्या परंपरा एका लहानशा गावाभोवती नांदताना क्वचितच आढळतात.

गावात परतल्यावर पांडवलेणी पाहावी. राष्ट्रकूटकालीन मानली जाणारी ही लेणी खडकात कोरलेली असून भर उन्हातही आत गारवा असतो. पुरातत्त्व विभागाचे छोटे वस्तुसंग्रहालयही माहूरमध्ये आहे. साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्यावा. दुपारी किनवटमार्गे परतीचा प्रवास सुरू करता येतो. हाताशी वेळ असल्यास किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथील गरम पाण्याच्या झऱ्यांकडे वाट वाकडी करावी. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पैनगंगेवर आहे. वसंतात पाणी कमी असते, पण त्यामुळेच काळ्या खडकाची पात्रातील रचना नीट पाहता येते. खडक निसरडे असल्याने पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

तांड्यावरची होळी

माहूर-किनवट परिसरात गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासी समाजांबरोबर बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. बंजारा तांड्यांवर होळीच्या आधीपासून ‘लेंगी’ गीतांचा नाद घुमू लागतो. डफाच्या ठेक्यावर स्त्री-पुरुष फेर धरतात. वर्षभरात जन्मलेल्या बालकांचा ‘धुंड’ हा संस्कारही याच सणात होतो. अनेक तांड्यांवर होळी सायंकाळी न पेटवता पहाटे पेटवली जाते. हा पर्यटकांसाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे, तो त्यांचा घरचा सण आहे. तांड्याच्या नायकाची अनुमती घेऊनच तेथे जावे आणि विचारल्यावाचून कोणाचेही छायाचित्र काढू नये.

पळसाचा रंग घरी करावयाचा असल्यास झाडाखाली पडलेली ताजी फुले पुरेशी असतात. ती रात्रभर पाण्यात भिजवावीत किंवा थोडा वेळ उकळून पाणी गाळून घ्यावे. पिवळसर केशरी रंग मिळतो. त्यात चुन्याची निवळी किंचित घातल्यास रंग गडद होतो. मात्र डोळ्यांच्या दृष्टीने चुना न घातलेलाच रंग लहान मुलांना द्यावा.

बहर टिकावा म्हणून

पळसाचा बहर पाहणाऱ्यांवर काही जबाबदारीही येते. फांद्या तोडून फुलांचे गुच्छ करणे म्हणजे पक्ष्यांचे अन्न आणि पुढच्या वर्षीचे बी दोन्ही हिरावून घेणे. क्वचित आढळणाऱ्या पिवळ्या व पांढऱ्या पळसाबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. पांढऱ्या पळसाच्या फुलामुळे गुप्तधन सापडते, अशा अंधश्रद्धेपोटी या झाडांची फुले, साल, मुळ्यासुद्धा ओरबाडल्या जातात. असे झाड दृष्टीस पडल्यास त्याचे नेमके ठिकाण सर्वांना सांगत सुटू नये, हीच त्याची मोठी राखण.

दुसरा धोका वणव्याचा. फाल्गुनातील जंगल म्हणजे वाळलेल्या पानांचा ढीग. विडी-सिगारेटचे थोटूक किंवा न विझवलेली चूल पुरेशी ठरते. मोह, डिंक, तेंदूपाने यांवर येथील अनेक कुटुंबांची उन्हाळ्यातील मिळकत अवलंबून असते, त्यामुळे आगीत जळते ते केवळ गवत नसते. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीवाचून शिरू नये.

पत्रावळींचेही तेच. थर्माकोल व प्लॅस्टिकच्या ताटांनी पळसाच्या पत्रावळीची जागा घेतली. २०१८ मध्ये राज्यात अशा ताटांवर बंदी आली, तरी पंगतीत पत्रावळ अजून पूर्वीसारखी परतलेली नाही. सहलीत जेवणासाठी पळसाच्या पत्रावळी मागाव्यात. ज्या झाडाची फुले पाहण्यासाठी आपण आलो, त्याच्या पानांचा दाम ती वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला, तर बहर राखण्याचे कारण त्यांच्याही पदरी पडेल.

कसे जाल, कोठे राहाल?

रेल्वेने : नांदेड-किनवट-आदिलाबाद मार्गावरील किनवट हे सोयीचे स्थानक. तेथून माहूर सुमारे ५० किलोमीटर. मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस या मार्गाने जाते.

रस्त्याने : नांदेड, यवतमाळ, पुसद व किनवट येथून एस.टी. बस मिळते. यवतमाळ ते माहूर अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे.

मुक्काम : माहूरमध्ये भक्तनिवास व खासगी लॉज आहेत. शनिवार-रविवारसाठी आगाऊ नोंदणी करावी.

सोबत काय न्याल : पिण्याचे पाणी, टोपी, सुती व पूर्ण बाह्यांचे कपडे, चालण्यायोग्य बूट, दुर्बीण आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी.