घंटाच नसेल तर?

दापोलीच्या एखाद्या शाळेत पावसाळ्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. टोल पडतात आणि वह्या मिटतात. शिपाई वर्गात येऊन काही सांगत नाही. कोणत्या टोलाला काय करायचे हे आपण आधीच ठरवलेले असते. संगणकावर चालू असलेल्या प्रोग्रामलाही असे टोल ऐकू येतात. युनिक्स या कार्यप्रणालीत त्यांना 'सिग्नल' म्हणतात.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तेव्हा एकाच संगणकावर अनेक जण काम करत, काही तर दूरवरून टेलिफोनच्या तारेने. मध्येच तार तुटली तर पलीकडे माणूस उरला नाही, हे प्रोग्रामला कसे कळावे? त्यासाठी पहिल्या क्रमांकाचा सिग्नल होता, 'सिगहप', म्हणजे 'फोन तुटला'. तो मिळताच 'एड' हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम अर्धवट मजकूर 'एड.हप' नावाच्या फाइलीत ठेवून मगच थांबे. पावसात तारा तुटताना पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला ही सोय लगेच पटावी!

१९७३ मध्ये युनिक्स 'सी' भाषेत नव्याने लिहिले गेले, आणि त्याचे प्रोग्राम इतर यंत्रांवर नेणे सोपे झाले. पण सगळीकडे सगळे टोल नव्हते. 'सी'च्या १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकात सहाच सिग्नल आहेत; त्यांत सिगहप नाही. विंडोजच्या 'सी' ग्रंथालयातही तो नाही. मग कंपायलर अडतो: हे नाव ओळखीचे नाही.

सोपी पळवाट म्हणजे त्या नावाला एखादा आकडा देऊन टाकणे, किंवा तेवढा भाग गाळणे. तक्रार थांबते, प्रोग्राम चालतो. पण टोल कधीच पडत नाही, आणि खिडकी बंद होताच दिवसभराचा मजकूर जातो. चूक दिसेनाशी होते, सुटत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे: हा टोल कोणते काम करत होता? विंडोजमध्ये खिडकी बंद होताना वेगळी सूचना मिळते; मजकूर साठवण्याचे काम तिला जोडता येते. जिथे कोणतीच सूचना नाही, तिथे प्रोग्रामने ठरावीक वेळाने स्वतःच साठवत राहावे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'सिगविन'ने तर विंडोजवर युनिक्सच्या घंटेची नक्कलच बसवली.

वर्गात करून पाहा: एक दिवस घंटा न देता शाळा चालवा. कोणत्या टोलाने कोणते काम होत होते, याची यादी मुलांनाच करू द्या.