संपर्क अखंड, सोबत मात्र दुर्मिळ

सोलापूर : सोलापूर आणि पुणे यांतील सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर हुतात्मा एक्स्प्रेसने काही तासांवर आणले, मोबाइलने तर ते क्षणावर आणून ठेवले. शिक्षण वा नोकरीनिमित्त पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या सोलापूरच्या तरुणाला आता रात्री आई-वडिलांचा चेहरा पडद्यावर दिसतो, शाळेतील मित्रांचा गट दिवसभर खिशात वाजत असतो. तरीही 'मनातले बोलायला कोणी नाही' ही खंत कमी झालेली नाही. गावात मागे राहिलेल्या, मित्र पांगलेल्या तरुणाचीही हीच व्यथा असते. त्यामुळे तंत्रज्ञान आणि एकाकीपणा यांच्या नात्याचा जगभर गांभीर्याने अभ्यास होत आहे.

एकांत आणि एकाकीपणा

एकांत माणूस स्वतः निवडतो; एकाकीपणा त्याच्या वाट्याला येतो. हवीशी वाटणारी नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांतील तफावतीतून निर्माण होणारी वेदनादायक भावना म्हणजे एकाकीपणा, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना करते. म्हणूनच भरगच्च वसतिगृहातही माणूस एकाकी असू शकतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये या भावनेचे दोन प्रकार सांगितले. अगदी जवळचे, विश्वासाचे माणूस नसणे हा भावनिक एकाकीपणा, तर मित्रमंडळी, शेजार, सहकारी यांचे वर्तुळ नसणे हा सामाजिक एकाकीपणा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. परगावी गेलेल्या मुलीला आईचा रोजचा फोन आधार देतो. पण संध्याकाळी सोबत चहाला येणारी मैत्रीण त्या फोनमधून मिळत नाही.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रासलेली असून, १३ ते २९ वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे, असे त्यात नमूद आहे. वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध असल्याचा अंदाजही अहवालात आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांचा धोका त्याने वाढतो. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी स्वतंत्रपणे मंत्र्यांकडे सोपवली.

दोष तंत्रज्ञानाचा का?

याचे उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे रॉबर्ट क्राउट व सहकाऱ्यांनी ७३ घरांतील १६९ व्यक्तींची पाहणी केली. इंटरनेटचा वापर वाढला तसा घरातील संवाद घटला आणि एकाकीपणा वाढला, असा निष्कर्ष त्यांनी १९९८ मध्ये मांडला. मात्र त्याच संशोधकांनी पाठपुरावा करून २००२ मध्ये सांगितले, की ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरले होते. त्याच वेळी नव्या पाहणीत, बोलक्या स्वभावाच्या व्यक्तींना इंटरनेटचा लाभ झाला, तर अबोल व्यक्तींचा एकाकीपणा वाढला, असेही आढळले.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट या तीन माध्यमांना प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटेच दिली. त्या गटात एकाकीपणा व नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. मोबाइल पूर्ण सोडण्याची गरज त्यांना पडली नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

भेट ठरविण्यासाठी केलेला दूरध्वनी आणि दुसऱ्यांच्या सहली, लग्ने, यश पाहत सरकवत राहिलेला पडदा, या दोन्ही गोष्टी एकाच उपकरणावर घडतात. परिणाम मात्र वेगळे. पहिली भेटीकडे नेते, दुसरी भेटीची जागा घेते आणि वर तुलनेचा सल देऊन जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर देशात डेटा स्वस्त झाला. तेव्हापासून या दुसऱ्या वापरावर खर्चाची मर्यादाही फारशी उरलेली नाही.

वडगावचा भोंगा

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक उपाय शोधला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवायचे, असा निर्णय गावाने घेतला. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, हा हेतू. या प्रयोगाचे मर्म सामुदायिकतेत आहे. एकट्याने मोबाइल बंद केला तर तोच गटाबाहेर पडतो. सर्वांनी मिळून बंद केला तर सोबतीची वेळ तयार होते.

एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस आखणाऱ्या सोलापूरला ही कल्पना परकी वाटू नये. गणेशोत्सवापूर्वीचा लेझीमचा सराव, होम मैदानावरील गड्ड्याची यात्रा, वाचनालय, तालीम ही तरुणांना नियमित एकत्र आणणारी ठिकाणे शहरात आजही आहेत. लेझमीच्या रांगेत एक जण आला नाही, तर त्याची जागा रिकामी दिसते. पडद्यावरील गटातून कोणी गप्प झाले तर ते कित्येक दिवस लक्षातही येत नाही.

मदत केव्हा घ्यावी?

झोप उडणे, भेटीगाठी टाळणे, अभ्यास वा कामावरून मन उडणे, मोबाइल बाजूला ठेवताच अस्वस्थ होणे ही लक्षणे काही आठवडे टिकली तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र उपचार केंद्र सुरू झाले.

घरच्यांनाही एक गोष्ट करता येईल. 'मोबाइल ठेव' एवढेच म्हणण्याऐवजी 'चल, जरा तळ्यापर्यंत जाऊन येऊ' असे म्हणावे. मोबाइल ठेवल्यावर समोर कोणीतरी असेल, तरच तो ठेवण्याला अर्थ राहतो.