दुसरा रिसीव्हर कितपत दुसरा?

हौशी रेडिओच्या जगात ट्रान्सिव्हरमधला दुसरा रिसीव्हर म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे समजले जाते. महागड्या सेटच्या जाहिरातीत तो ठळक अक्षरांत मिरवतो आणि एकाच रिसीव्हरवर भागवणारे त्याच्याकडे थोडे हेव्याने, थोडे कुचेष्टेने पाहतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, हातून एक सोय निसटली, ती परत मिळवण्याची खटपट म्हणजे दुसरा रिसीव्हर. ती खटपट कितपत साधली हे माहितीपत्रकावरून कळत नाही. सेट बिघडला की कोणता दोष एकाच रिसीव्हरला लागतो आणि कोणता दोघांनाही, यावरून ते कळते.

ट्रान्सिव्हर येण्याआधी टेबलावर ट्रान्समीटर वेगळा आणि रिसीव्हर वेगळा असे. ऐकायचे एका फ्रिक्वेन्सीवर आणि बोलायचे दुसऱ्या, यात नवल काहीच नव्हते. कॉलिन्स कंपनीने १९५७ मध्ये केडब्ल्यूएम-१ आणि १९५९ मध्ये केडब्ल्यूएम-२ आणला तेव्हा दोन्ही कामे एका पेटीत आली. ऑसिलेटर तोच, फिल्टर तोच; पाठवतानाही आणि ऐकतानाही. पैसा, जागा, वजन सगळेच वाचले, पण जिथे ऐकायचे तिथेच बोलायचे हे बंधन आले. ४० मीटरच्या पट्ट्यात ते फार जाचक ठरे. युरोपातल्या, तसेच जगाच्या रेडिओ-वाटणीत भारत ज्या तिसऱ्या विभागात मोडतो तिथल्या हौशींना त्या काळी ७००० ते ७१०० किलोहर्ट्झ एवढीच जागा होती (ती २००९ मध्ये ७२०० पर्यंत वाढली), तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्यांना माइकवर बोलण्याची मुभा ७१०० च्या बरीच वर सुरू होई. एकमेकांना गाठायचे तर दोघांनी आपापल्या हद्दीत बोलून दुसऱ्याच्या हद्दीत ऐकणे, म्हणजे स्प्लिट, याला पर्याय नव्हता. एखाद्या दुर्मीळ बेटावरून कोणी बोलू लागला की त्याच्यावर तुटून पडणाऱ्या गर्दीचा, पाइल-अपचा, निचराही याच रीतीने होतो. म्हणून कॉलिन्सला केडब्ल्यूएम-२ साठी ३१२बी-५ हा वेगळ्या ट्यूनिंगचा जोड-डबा काढावा लागला आणि ड्रेकला टीआर-४ साठी आरव्ही-४. या डब्यांनी बोलण्याची जागा वेगळी करता आली, पण ऐकणारा कान एकच राहिला. आपल्याला बोलायचे तिथे गर्दी किती आहे हे पाहायला गेले की मूळ स्टेशन ऐकू येईनासे होई.

स्प्लिटची ही गरज म्हणजे दुसऱ्या रिसीव्हरचे एक घराणे; त्याचे दुसरे घराणे याहून जुने आहे. आरसीएच्या लाँग आयलंडवरील रिव्हरहेड केंद्रात बेव्हरेज आणि पीटरसन यांनी दूरदूर उभारलेल्या अँटेनांवर एकच संदेश वेगवेगळ्या रिसीव्हरने घेतला. एका अँटेनावर संदेश क्षीण होतो तेव्हा दुसरीवर तो बहुधा टिकून असतो, हे त्यामागचे तत्त्व. १९३१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. तिलाच डायव्हर्सिटी म्हणतात. १९३८ मध्ये हॅलिक्राफ्टर्सने डीडी-१ या सेटमधून ती घरगुती टेबलावर आणली. त्यात रिसीव्हर दोन, पण लोकल ऑसिलेटर एक, म्हणजे एकाच नॉबने दोन्ही बाजू नेमक्या एकाच ठिकाणी लागत. व्यवस्था चोख होती. पण तो ऑसिलेटर बसला की दोन्ही कान एकदम जात.

जपानी कंपन्यांच्या मोठ्या सेटमध्ये ही दोन्ही घराणी एकत्र आली. आयकॉमच्या आयसी-७८१ मधले ‘ड्युअल वॉच’ एकाच पट्ट्यातल्या दोन जागा एकदम ऐकवते, पण दोन्ही संदेश पुढे एकाच आयएफमधून, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या टप्प्यातून, आणि त्याच फिल्टरमधून जातात. विहीर एक आणि रहाट दोन, असा हा प्रकार. फिल्टर बिघडला तर दोन्ही जागा मुक्या होणार, आणि एका जागेसाठी फिल्टर अरुंद केला की दुसरीलाही तो सोसावा लागणार. १९९० च्या सुमारास आलेल्या याएसूच्या एफटी-१००० मध्ये खरा सब-रिसीव्हर होता. पण तो मुख्य रिसीव्हरपेक्षा वेगळ्या पट्ट्यावर न्यायचा तर बीपीएफ-१ हा भाग हवा. तो साध्या सेटमध्ये वेगळा घ्यावा लागे.

बारकाईने पाहावा असा सेट म्हणजे अमेरिकेतल्या एलेक्राफ्टचा के-३, २००७ चा. त्याचा केआरएक्स-३ हा सब-रिसीव्हर मुख्य रिसीव्हरचा जवळजवळ जुळा भाऊ: स्वतःचा मिक्सर, स्वतःचे रूफिंग फिल्टर, स्वतःचा सिंथेसायझर. दोघांचे सुटे भाग सारखे असल्याने दुरुस्तीची एक सरळ वाट मिळते. दोन्ही रिसीव्हर एकाच अँटेनावर, एकाच संदेशावर, सारख्या बँडविड्थवर लावायचे आणि फरक ऐकायचा. फरक दिसलाच तर सेट बंद करून सिंथेसायझरच्या पाट्यांची अदलाबदल करायची. दोष पाटीबरोबर दुसरीकडे गेला तर चोर सापडला. जागीच राहिला तर शोध पुढे. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बाहेरचे पाहून घ्यावे. ‘सब मेला आहे’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा स्टिरिओ जॅकमध्ये खुपसलेली मोनो पिन असते. ती उजवा कान शॉर्ट करते, आणि सबचा आवाज तिकडेच येत असतो. फिल्टर बसवला, पण सबच्या मेनूत त्याची नोंदच केली नाही, हेही नेहमीचे. आत पातळ कोॲक्सची इवलीशी टोके नीट दाबून बसली नसली तर रिसीव्हर मरत नाही, नुसता बहिरट होतो. आणि बहिरटपणा शोधायला जास्त वेळ खातो. शिवाय सब सुरू करताच मुख्य रिसीव्हरचा एस-मीटर, म्हणजे संदेशाचा जोर दाखवणारा काटा, अर्धे घर खाली येतो, तो दोष नव्हे. एका अँटेनाची शक्ती दोघांत वाटली की प्रत्येकाला निम्मी, म्हणजे ३ डेसिबल कमी मिळते. शॉर्टवेव्हवर खरखरही तेवढीच उतरते, म्हणून ऐकण्यात काही बिघडत नाही.

जुन्या मेकॅनिकला ही तुलना फुकट मिळत नव्हती. घिरार्डीच्या १९३५ च्या ग्रंथाने एका पिढीला रेडिओदुरुस्ती शिकवली; त्याच दशकात रायडरचे चॅनलिस्ट हे यंत्र आले, ते सेटमधून जाणाऱ्या संदेशाचा टप्प्याटप्प्याने माग काढी. दोन्हींत निरोगी सेट कसा वागतो याचे माप पुस्तकातून किंवा बाहेरच्या यंत्रातून येई. के-३ मध्ये ते माप शेजारच्याच पाटीवर असते. यावर कोणी म्हणेल, माप स्वतःच चुकले तर? आक्षेप रास्त आहे. के-३ चे दोन्ही सिंथेसायझर ४९.३८ मेगाहर्ट्झच्या एकाच संदर्भ-ऑसिलेटरवर चालतात. तो सरकला तर दोघे मिळून सरकतील, एकमेकांशी तंतोतंत जुळतील आणि तुलनेत काहीच दिसणार नाही. तिथे बाहेरचा साक्षीदार लागतो. कोलोरॅडोतल्या डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्राचा १० मेगाहर्ट्झचा संकेत त्यासाठीच वापरतात. पण यातूनच दोघांची सामाईक हद्दही आखली जाते: जो दोष तुलनेत लपतो, तो दोघांच्या सामाईक भागातला.

हे सगळे सर्किटच्या नकाशात दिसतेच, मग बिघाडाची वाट कशाला पाहायची, हा दुसरा आक्षेप. नकाशा संदेशाची वाट दाखवतो. सैल बसलेला कनेक्टर, चुकलेला मेनू आणि भलती पिन त्यात नसते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता रिसीव्हर सॉफ्टवेअरने बनतात, पाहिजे तितके काढावेत, मग पहिला-दुसरा हा हिशेबच कशाला? फ्लेक्स कंपनीच्या ६५०० मध्ये एकाच एडीसीतून, म्हणजे संदेशाचे आकडे करणाऱ्या भागातून, चार ‘स्लाइस’ (सॉफ्टवेअरचे रिसीव्हर) निघतात. पण शेजारच्या हॅमचा तगडा संदेश त्या एडीसीवर आदळला की चारही स्लाइस एकदम गोंधळतात, आणि स्लाइसची आपसांत तुलना करून काही हाती लागत नाही. दोन अँटेनांवरची डायव्हर्सिटीही ६५०० वर जमत नाही. ती सोय ६७०० मध्ये आहे, कारण त्यात एडीसी दोन आहेत.